'डबा संपवलास का?' : एका प्रश्नाचा निषेध

१

मराठीत गेल्या दोन-तीन दशकांत एक वाङ्मयप्रकार मुकाट्याने स्थिरावला आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, महिला-मासिकांचे पाककृती विशेषांक, पातळ पुठ्ठ्याची छोटी पुस्तके आणि आता मोबाइलवरून घरोघर पोहोचणाऱ्या चित्रफिती अशा अनेक रूपांनी तो वावरतो. भाजी न खाणाऱ्या मुलांसाठी युक्त्या, क्लासला जाणाऱ्या मुलांसाठी झटपट पदार्थ, खाण्याचे नखरे करणाऱ्या मुलांचा पौष्टिक डबा, असे त्याचे विषय. सोयीसाठी त्याला आपण डबा-वाङ्मय म्हणू. साहित्याच्या अभ्यासक्रमात त्याला जागा नाही आणि मिळावी असा आमचा आग्रहही नाही. परंतु जे वाङ्मय रोज संध्याकाळी लाखो घरांतल्या कृती ठरवते, त्याची संहिता कोणीतरी काळजीपूर्वक वाचली पाहिजे, एवढे आम्हांला वाटते.

ही संहिता लोककथेइतकीच ठाशीव आहे. एक संकट असते: मूल भाजी खात नाही. एक नायिका असते: आई. तिला एक युक्ती सापडते: बीट डोशाच्या पिठात, पालक पुरीच्या कणकेत, दुधी कटलेटच्या पोटात. शेवट नेहमी सुखान्त: डबा रिकामा परत येतो. बाप या कथेत बहुधा नसतोच. असलाच तर पदार्थाची तारीफ करण्यापुरता येतो. मूल असते, पण त्याला संवाद नसतात. त्याच्या तोंडी एकच शब्द दिलेला असतो: 'नको'.

आमचे भांडण पाककृतींशी नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्र'पासून (१९१०) कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'पर्यंत (१९७०) मराठी पाककृती-लेखनाने जे नेमके, निरलंकृत गद्य घडवले, त्याचा आम्हांला आदरच आहे. आमचे भांडण आहे ते डबा-वाङ्मयाच्या एका गृहीतकाशी. हे वाङ्मय समजते की डबा परत येण्याचे कारण डब्याच्या आत आहे: पदार्थ चुकला, युक्ती कमी पडली, किंवा मूल हट्टी निघाले. आमचे म्हणणे असे की कारण बहुतेक वेळा डब्याच्या बाहेर आहे. मूल कुठे बसून खाते, किती वेळात खाते आणि कोणाबरोबर खाते, हे तीन प्रश्न हे वाङ्मय सहसा विचारत नाही. आणि ते विचारले जात नाहीत म्हणूनच दार उघडताच मुलाला तो चौथा प्रश्न विचारला जातो: 'डबा संपवलास का?'

२

येथे शाळेचा डबा आणि संध्याकाळचा डबा यांत भेद केला पाहिजे. शाळेच्या डब्याला निदान एक घंटा असते. मधली सुट्टी होते, मुले वर्तुळ करून बसतात, झाकणे एकदम उघडतात. संध्याकाळच्या डब्याला घंटा नाही, जागा नाही, वर्तुळ नाही. शाळा सुटते, तिथून मूल अबॅकसला किंवा शिष्यवृत्तीच्या शिकवणीला जाते, तिथून पोहायला, तबल्याला, क्रिकेटच्या सरावाला. मधल्या पंधरा मिनिटांत ते रिक्षात, स्कूटरच्या मागच्या सीटवर, मैदानाच्या कठड्यावर नाहीतर क्लासच्या जिन्यात उभ्याने खाते. आमच्या परिचयाच्या एका क्लासच्या जिन्यात संध्याकाळी साडेसहाला हे दृश्य कोणालाही पाहता येते: वरच्या पायरीवर दप्तर, खालच्या पायरीवर डबा, एका हातात चमचा, आणि वर जाणाऱ्या-खाली येणाऱ्या मुलांना वाट देण्यासाठी दर मिनिटाला उठणारे एक आठ वर्षांचे पोर. पुढची बॅच सुरू झाली की झाकण लागते. आत काय होते, याचा त्या निर्णयाशी फारसा संबंध नसतो.

दिवेलागणीनंतर मूल घरी असावे, हातपाय धुऊन परवचा म्हणावी आणि गरम वरणभात जेवावा, ही संध्याकाळ सर्वच घरांच्या वाट्याला कधीच आली नव्हती, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून तिच्या नावाने गळा काढण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या वर्गाकडे ती होती, त्याने ती कोणाच्या जुलुमाने गमावलेली नाही. तासातासाने, शुल्क भरून, पावती घेऊन विकली आहे. विकलेल्या संध्याकाळीत जेवणाला उरलेली जागा म्हणजे हा डबा. तो भरण्याची जबाबदारी आईची, संपवण्याची मुलाची, आणि संध्याकाळ विकत घेणाऱ्याची जबाबदारी काहीच नाही.

३

आता 'नखरे' या शब्दाकडे वळू. मुलाच्या आवडीनिवडीसाठी मराठीत तटस्थ शब्द शोधू लागलो तर हाती फार थोडे लागते. नखरे, थेरं, चोचले, लाड, खोड, हट्ट: सगळे शब्द निवाडा करूनच तोंडातून बाहेर पडतात. मोठ्या माणसाला कारले आवडत नसेल तर ती त्याची 'आवड'. मुलाला आवडत नसेल तर ते त्याचे 'नखरे'. ज्याने चवीने खावे त्याला आपण रसिक म्हणतो, पण त्या रसिकतेची पहिली पायरी, म्हणजे नाकारणे, ही मात्र दुर्गुण ठरते. साहित्य शिकवणाऱ्यांनी तरी याचा विचार करावा. जो विद्यार्थी काहीही वाचून 'छान आहे' म्हणतो, त्याला आपण चांगला वाचक मानत नाही.

दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाविषयी भीती वाटणे ही वाढीतली सर्वसाधारण अवस्था आहे, हे बालमानसशास्त्राने पुरेसे दाखवून दिले आहे. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा, दडपण न आणता समोर आला की पुष्कळ मुले तो हळूहळू स्वीकारतात. ज्यांचे वजन घटते आहे किंवा जी दोन-चार पदार्थांपलीकडे कशालाच शिवत नाहीत, त्यांना अर्थात डॉक्टरांकडे नेले पाहिजे; त्यांच्याविषयी हा लेख नाही. बाकीच्यांच्या बाबतीत 'नखरे' हे निदान नव्हे, ती मोठ्यांच्या अधीरतेने दिलेली शिवी आहे.

शिवाय डब्याचे स्वतःचे एक भौतिकशास्त्र आहे. गरम पोळी तशीच डब्यात घालून झाकण लावले की वाफ आत कोंडते, तिचे पाणी होते आणि ते पोळीवर उतरते. दोन-तीन तासांनी पोळी आधी ओलसर, मग चिवट. भेंडी बुळबुळीत होते. कोबी आणि मुळा यांचा वास आत साचतो आणि झाकण उघडताच जिनाभर पसरतो. शेजारचे मूल नाक मुरडते. आईने दुपारी साडेतीनला चाखलेली भाजी आणि मुलाने साडेसहाला उघडलेली भाजी हे दोन वेगळे पदार्थ आहेत. दुसरा नाकारणारे मूल नखरे करत नाही. ते प्रामाणिक आस्वादक समीक्षा करते.

'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही म्हण या मुलांच्या तोंडावर नेहमी फेकली जाते. ती म्हण उपाशी माणसाने आपल्या परिस्थितीविषयी सांगितली तर तिला अर्थ आहे. भरल्या घरातल्या माणसाने दुसऱ्याला शिस्त लावण्यासाठी वापरली की ती क्रूर होते. त्यापेक्षा आमच्या भाषेत दुसरी एक म्हण आहे, जी स्वादाविषयी फार खोल बोलते: नावडतीचे मीठ अळणी. मीठ तेवढेच असते. नाते बिघडलेले असते म्हणून ते लागत नाही. चव पदार्थात असते तितकीच ती वाढणाऱ्या-खाणाऱ्याच्या संबंधात असते, हे या तीन शब्दांच्या म्हणीने सांगून ठेवले आहे. डबा-वाङ्मय मात्र मिठाचे प्रमाण वाढवत बसते.

४

'आमच्या वेळी नव्हती बुवा असली थेरं' असे म्हणणाऱ्यांचा एक आवडता साक्षीदार आहे, तो म्हणजे श्याम. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधील (१९३५) 'अळणी भाजी' ही कथा सर्वांना आठवते. भाजीत मीठ पडलेले नसते. वडील काही न बोलता जेवतात. त्यांच्याकडे पाहून मुलेही जेवतात. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला ते कळते. या कथेतून उचलले जाते ते एवढेच: पानात पडेल ते गुमान खावे.

आमच्या मते हे वाचन अपुरे आहे. या कथेतले मौन मुलावर लादलेले नाही. ते आधी बापाने स्वतःवर घातलेले आहे. रांधणारीचे मन दुखू नये, ही त्यामागची भावना आहे, आणि ती मुलांपर्यंत पोहोचते कारण सगळे एका ठिकाणी बसून तीच भाजी जेवत असतात. बाप समोर नसता, तर मुलांनी काय केले असते? आणि आईने ती भाजी स्वतः खाल्लीच नसती, तर तिला तिचा अळणीपणा कधी कळला असता? संध्याकाळच्या डब्यात नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. खाणाऱ्यासमोर कोणी मोठे माणूस खात बसलेले नसते आणि करणारीने तीन तासांनंतरचा तो पदार्थ कधी चाखलेला नसतो. पंगत काढून घ्यायची आणि पंगतीतून येणारा संयम मात्र मुलाकडून मागायचा, हा श्यामच्या नावाने केलेला अन्याय आहे.

त्याच कथेतली न बोलली जाणारी गोष्टही आम्ही येथे नोंदवतो: आई सगळ्यांच्या शेवटी जेवते. त्या जगाकडे परतण्याची आमची मुळीच इच्छा नाही. पण परत न जाणे म्हणजे आईला पंगतीतून उठवून डब्यांच्या रांगेसमोर उभे करणे नव्हे.

५

डबा-वाङ्मयाची सर्वांत लोकप्रिय युक्ती म्हणजे लपवणे. ती आपली नाही. अमेरिकेत २००७ या एकाच वर्षी 'द स्नीकी शेफ' आणि 'डिसेप्टिव्हली डिलिशस' अशी दोन पुस्तके गाजली. दोन्हींचा मंत्र एकच, भाज्यांचा लगदा मुलांच्या आवडत्या पदार्थांत बेमालूम मिसळा. शीर्षकांतच चोरटेपणा आणि फसवणूक अभिमानाने मिरवलेली आहे. तोच मंत्र आता आपल्याकडे पौष्टिकतेच्या वेष्टनात येतो.

कोणी म्हणेल, आपल्या थालिपीठात दुधी नसतो का? असतो, परंतु आपण त्याला 'दुधीचे थालीपीठ' म्हणतो. पालकपुरी, मेथीचे पराठे, कोथिंबीरवडी, कोबीची भजी: आपल्या परंपरेत भाजी मिसळली तरी तिचे नाव पदार्थाच्या कपाळावर असते. मुलाला हिरवी पुरी आवडली तर त्याला पालक आवडला हे कळते. लपवलेल्या बिटाबाबत ते कधीच कळत नाही. मूल बीट खाते, पण बीट खाणारे होत नाही. ज्या दिवशी त्याला कळते, त्या दिवशी ते डोसाही सोडते, आणि करणाऱ्या हातावरचा विश्वासही. घरचे अन्न आणि पाकिटातले अन्न यांतला सर्वांत मोठा फरक हाच होता की घरच्या अन्नात काय आहे हे विचारता येत असे. तो फरक आपण आपल्या हाताने पुसतो आहोत. साहित्यात आपण व्यंजना आणि कपट यांत भेद करतो. स्वयंपाकातही तो करावा.

६

या साऱ्याचा भार कोणावर पडतो, हे सांगायला आकडे आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्याहून बोलका आकडा सहभागाचा: स्त्रियांपैकी ८१.२ टक्के असे काम करत होत्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. संध्याकाळचा डबा या मिनिटांतच भरला जातो. बहुतेकदा नोकरीवरून परतलेल्या किंवा नोकरीला निघण्यापूर्वीच संध्याकाळचा विचार करून ठेवणाऱ्या स्त्रीकडून.

अॅन अॅलिसन या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९९१ मध्ये जपानी बालवाडीतील 'ओबेंतो', म्हणजे आईने करून दिलेला जेवणाचा डबा, यावर एक निबंध लिहिला. अल्थ्युसरची 'विचारप्रणालीची राज्ययंत्रणा' ही संकल्पना तिने त्या डब्याला लावली. डबा सुबक हवा, मुलाने तो वेळेत आणि पूर्ण संपवला पाहिजे, शिक्षिकेचे त्यावर लक्ष हवे. या साध्या वाटणाऱ्या नियमांतून मूल आज्ञाधारक विद्यार्थी कसे बनते आणि आई 'चांगली आई' म्हणून कशी तपासली जाते, हे तिने दाखवले. आपल्याकडे अल्थ्युसर चर्चासत्रांत पुष्कळ उद्धृत होतो. तो घरच्या ओट्यापर्यंत आला असता तर बरे झाले असते. कारण 'डबा संपवलास का?' हा प्रश्न मायेने विचारला जात असला, तरी त्याची घडण परीक्षकाची आहे. उत्तर हो किंवा नाही. 'भूक होती का?', 'कोणाशेजारी बसलास?', 'पोळी कडक झाली होती का?' असे प्रश्न त्यात मावत नाहीत. एका उत्तराने दोघांचा निकाल लागतो: मुलाचा आणि आईचा. घरातली इतर माणसे प्रेक्षकांत बसलेली असतात.

७

मग डब्याचा मूळ विचार काय होता? मराठीत त्याला फार सुंदर शब्द आहे: शिदोरी. घराबाहेर जाणाऱ्याला घराने दिलेली सोबत. कहाण्यांतल्या तहानलाडू-भूकलाडूंपासून दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशमीपर्यंत शिदोरीचे पदार्थ एका कसोटीवर निवडलेले दिसतात: वाटेत टिकावे, हाताने खाता यावे, आणि दुसऱ्याला तुकडा मोडून देता यावा. खाणाऱ्याचे मनोरंजन करणे ही कसोटी त्यात नव्हती. दशमीला पाण्याऐवजी दूध लागते ते चोचले म्हणून नव्हे, मऊ राहावी आणि टिकावी म्हणून.

या तिसऱ्या कसोटीचे, म्हणजे वाटून खाण्याचे, परमोच्च रूप आपल्या परंपरेत काला हे आहे. गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात, सगळे एकत्र कालवले जाते आणि प्रत्येकाच्या मुखी प्रत्येकाच्या घरचा घास जातो. संतांनी काल्याचे अभंग लिहिले. सप्ताहाची सांगता आजही काल्याच्या कीर्तनाने होते. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, तेव्हाच वारी पुरी होते. एरवी आपण याचा आध्यात्मिक अर्थ सांगून मोकळे होतो. पण काल्यात एक अगदी व्यावहारिक शहाणपण आहे. एकट्याचा डबा मुलाला ओझे वाटतो. सगळ्यांचे डबे एकत्र आले की तेच मूल हात पुढे करते. घरी वांग्याकडे न पाहणारे पोर मित्राच्या डब्यातले भरले वांगे चाटूनपुसून खाते, हे कोणत्या आईला ठाऊक नाही? लीॲन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९८० मध्ये हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली. शाळापूर्व वयाच्या मुलांना वेगळी भाजी आवडणाऱ्या सवंगड्यांच्या टेबलावर काही दिवस बसवले आणि मुलांची निवड बदलली. कोणी काही लपवले नव्हते. कोणी रागावले नव्हते. शेजारी फक्त दुसरी मुले होती.

मात्र पंगतीचे गोडवे गाताना आम्ही डोळे मिटून घेणार नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेची सहल आहे. सवर्ण मुले एकीकडे जेवतात, महार मुले दुसरीकडे, आणि उरलेसुरले अन्न त्यांना दिले जाते. डबा उघडला की जात उघडी पडते, हे दलित आत्मकथनांनी आपल्याला शिकवले. काल्याचा आदर्श सांगणाऱ्या समाजातच हे घडत होते. आजही काही शाळांतून मांसाहारी डबा आणू नये अशी सूचना निघते आणि काही घरांतून 'दुसऱ्याच्या डब्यातले खाऊ नकोस' असे बजावले जाते. त्यामागे कधी आरोग्याची काळजी असते. कधी ती काळजी जुन्याच विटाळाचे नवे नाव असते. एकेकट्या मुलाने जिन्यात उभ्याने खाल्ल्यामुळे हा प्रश्न सुटत नाही. तो फक्त दिसेनासा होतो. आम्हांला हवी ती पंगत नव्याने मांडावी लागेल, जुनी उचलून आणता येणार नाही.

८

आणि ती मांडता येते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले माध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. त्या योजनेत उणिवा पुष्कळ आहेत. खिचडीच्या दर्जाविषयी तक्रारी आहेत आणि दलित स्वयंपाकिणीच्या हातचे खाण्यास नकार दिल्याच्या बातम्याही येत राहिल्या. तरीही एक तत्त्व त्यातून मान्य झाले: ज्याने मुलाला दिवसभर बसवून ठेवले आहे, त्याच्यावर त्याच्या भुकेची जबाबदारी आहे. गरिबाच्या मुलासाठी हे तत्त्व न्यायालयाने मानले. मध्यमवर्गीय बाप हजारो रुपये शुल्क भरतो, पण त्या क्लासकडे बसून खायला एक सतरंजी मागण्याचे त्याला सुचत नाही. माहितीपत्रकात वातानुकूलित वर्ग असतो, कॅमेरे असतात, निकालांची छायाचित्रे असतात. हात धुवायला नळ कुठे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. क्लासच्या दारातला वडापाव आणि वेफर्सचे पाकीट यांना मात्र तसा कोणाचाच धाक दिसत नाही, आणि उघडायला जागा नसलेल्या डब्याशी त्यांची शर्यत असते. ती कोण जिंकणार, हे सांगायला नको.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. संध्याकाळी दोन तासांहून अधिक काळ मुलांना बसवून ठेवणाऱ्या प्रत्येक क्लासने वीस मिनिटांची सुट्टी, बसायला जागा आणि हात धुवायला पाणी द्यावे. पालकांनी शुल्क भरताना ते मागावे, आणि एकट्याने नव्हे, मिळून मागावे. शिकवणारे आम्हीही आहोत. वीस मिनिटांनी अभ्यासक्रम बुडत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

दुसरी मागणी घराकडे. डबा साधा असावा आणि त्यात काय आहे ते मुलाला माहीत असावे. निवलेली पोळी तूप-गूळ किंवा चटणी लावून गुंडाळलेली, दशमी, थालीपीठ, धिरडे, उकडलेले अंडे, दाणे-गूळ, केळे, राजगिऱ्याची वडी: यांपैकी कशालाच युक्ती लागत नाही. झाकण लावण्यापूर्वी पदार्थ निवू द्यावा. भात मात्र उन्हाळ्याच्या दिवसांत तासन्‌तास डब्यात ठेवू नये, तो बाधतो. चारचौघांत मोडून देता येईल असे काहीतरी त्यात असावे. आणि नावडती भाजी द्यायचीच असेल तर आवडत्या पदार्थाशेजारी, उघडपणे, दोन घास. ते परत आले तर आले.

तिसरी मागणी बापाकडे. डबा भरणे ही कला नाही, शास्त्र नाही आणि स्त्रीस्वभाव तर नाहीच. ते अर्ध्या तासाचे काम आहे. आठवड्यातले अर्धे डबे त्याने भरावेत. आणि मूल सहा-सात वर्षांचे झाले की दोन पदार्थांतून एक निवडून स्वतःच्या हाताने डब्यात ठेवणे त्याला जमते. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ स्त्रीने यासाठी जबाबदारीची एक साधी वाटणी सांगितली आहे: काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्या घरांत नेमके उलटे चालते. 'कुठे' आणि 'केव्हा' हे आपण क्लासच्या वेळापत्रकाला देऊन टाकले आहे, आणि 'किती' यावर मात्र मुलाशी रोज भांडतो.

शेवटची मागणी सर्वांत अवघड. आठवड्यातली निदान एक-दोन संध्याकाळी विकू नयेत. त्या दिवशी डबा भरूच नये. घरात असतील तेवढ्यांनी एकत्र बसून गरम जेवावे आणि भाजी अळणी झाली तर आई-बापांनी आधी ती मुकाट्याने खाऊन दाखवावी, किंवा मोकळेपणाने मीठ मागावे. मूल दोन्ही शिकेल.

यावर हमखास उत्तर येईल की स्पर्धेचे युग आहे, क्लास सोडून कसे चालेल? आम्ही क्लास सोडा म्हटलेलेच नाही. ज्या स्पर्धेसाठी मूल धावते आहे, तिच्यातही त्याला खाली बसून घास चावण्याएवढा अवकाश मिळाला पाहिजे, एवढेच आम्ही म्हणतो. तो मिळत नसेल, तर अर्धा परत आलेला डबा हे आज त्या मुलाच्या हाती असलेले एकमेव निवेदन आहे. त्याने दिवसभरात 'नको' म्हणता येईल अशी एकच गोष्ट आपण त्याच्यासाठी शिल्लक ठेवली आहे. ते निवेदन उघडून वाचण्याऐवजी आपण त्यावर लाल शाईने 'नखरे' असा शेरा मारतो आणि उद्याच्या डब्यासाठी नवी युक्ती शोधू लागतो.